22,400 रुपये पगार, पुणे : कोणता खर्च कधीच कापायचा नाही?

माळरान | 28 ऑक्टोबर 2025, रात्री 10:41

नमस्कार मंडळी. दिवाळी करून काल गावाहून परत आलो आणि आज हिशेबाची वही घेऊन बसलोय.

मी 24 वर्षांचा, केज तालुक्यातला, जिल्हा बीड. बी.कॉम. करून हडपसरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्सला लागलो. राहतो धनकवडीत, वन बीएचकेमध्ये आम्ही तिघं. ग्रॉस 24,400. पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 22,400 पडतात. माझ्या वाट्याचं भाडं 4,500, लाइटबिल आणि वायफाय 400, दोन वेळची मेस 3,200, पीएमपीचा पास 1,500 (मेपर्यंत 900 होता), सकाळचा नाश्ता आणि चहा मिळून 1,200, रिचार्ज 300, मोबाईलचा हप्ता 1,850, आणि घरी 6,000. उरले 3,450. साबण, दाढी, एसटीचं तिकीट, कुणाच्या लग्नाचा आहेर, तुटलेली चप्पल, सगळं त्यातच.

फेब्रुवारीत ठरवलं, आता कापायचंच. रात्रीची मेस बंद केली. महिन्याला 1,600 वाचायला लागले. रात्री वडापाव, नाहीतर बिस्किटं आणि दोन ग्लास पाणी. चार महिन्यांत 6,400 वाचले. जूनमध्ये बसमध्ये उभ्या उभ्या चक्कर येऊन पडलो. सलाइन, तपासण्या, एक रात्र अॅडमिट, बिल 7,100. हिमोग्लोबिन 9.8. डॉक्टरबाईंनी विचारलं, "जेवत नाहीस का रे?" मला काय सांगावं ते कळेना.

तर माझा प्रश्न पैसे कसे वाचवायचे हा नाही. त्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. मला विचारायचंय, हात आखडता असताना तुम्ही कोणता खर्च काही झालं तरी कापला नाहीत? नुसतं तगून राहायचं नाहीये, नीट जगायचंय.

सातारी_कंदी | 28 ऑक्टोबर, रात्री 10:58

जेवण. बाकीचं नंतर बोलू. उद्यापासून मेस दोन्ही वेळची चालू आहे ना, तेवढं आधी सांगा.

माळरान | 28 ऑक्टोबर, रात्री 11:03

चालू आहे, जुलैपासून.

कोथिंबीर | 28 ऑक्टोबर, रात्री 11:40

दादा, 9.8 वाचून काळजात चर्र झालं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. असे रिपोर्ट रोज हातात येतात आणि त्यात तुमच्या वयाची मुलं-मुली खूप असतात. औषधं पूर्ण केलीत का? तीन महिन्यांनी परत तपासलंत का? नसेल तर आधी ते करा.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी कापला नाही तो स्वयंपाकघराचा खर्च. आम्ही चौघी बिबवेवाडीत राहायचो तेव्हा पहिल्याच महिन्यात वर्गणी काढून पाच लिटरचा कुकर, एक कढई, तवा आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला. त्या छोट्या सिलिंडरला पत्त्याचा पुरावा लागत नाही. भाड्याने राहणाऱ्यांसाठी तो मोठाच दिलासा. कुकरमध्ये खाली तूरडाळ, मधल्या भांड्यात भात, वरच्या भांड्यात बटाटे किंवा दुधीच्या फोडी. तीन शिट्ट्यांत तिन्ही तयार. फोडणी द्यायची, बटाट्यावर शेंगदाण्याचं कूट आणि तिखट-मीठ घालायचं, की ताट भरलं. माणशी महिन्याला 1,900 च्या आसपास खर्च यायचा, दोन्ही वेळचा. त्यात आठवड्याला तीन-चार अंडी पण असायची.

पालेभाजी रात्री आठनंतर घ्या, मंडईत काय किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवर काय. दिवसभराची जुडी सकाळपर्यंत टिकणार नसते, मावशी निम्म्या भावात देतात. निवडून लगेच चिरून ठेवायची, तशीच ठेवली तर फुकट जाते. आमच्या पहिल्या दोन महिन्यांच्या मेथीचं तेच झालं.

एक मात्र आधी ठरवून घ्या. आमचा संसार पैशावरून कधी भांडला नाही, भांड्यांवरून भांडला. शेवटी भिंतीवर कागद लावला: जी स्वयंपाक करेल ती भांडी घासणार नाही. त्यानंतर दोन वर्षं सुखाने राहिलो.

निळाई | 29 ऑक्टोबर, सकाळी 8:15

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

22,400 मध्ये अजून किती पिळणार? खर्चाची बाजू घट्ट झाली आहे हे तुमची वहीच सांगते. मेथीची जुडी निम्म्यात आणून महिन्याला दीडशे वाचतील. कमाई पाच हजारांनी वाढली तर सगळं चित्र बदलेल. मी 2019 मध्ये 17,000 वर सुरुवात केली. मी कापला नाही तो शिकण्याचा खर्च. जीएसटी रिटर्नचा क्लास, मग अॅडव्हान्स्ड एक्सेल. दोन्ही मिळून 11,000 गेले, तेही हप्त्याने. दीड वर्षात दुसरी नोकरी मिळाली, 29,000 ची.

आणि धनकवडी ते हडपसर रोज जाऊन-येऊन किती वेळ जातो? तोही पगारातूनच जातोय.

माळरान | 29 ऑक्टोबर, सकाळी 8:52

निळाईताई, राग कसला. जाता-येता मिळून अडीच तास, पाऊस असला की तीन. हडपसरला खोली बघितली होती, पण तिघांत मिळणारी नव्हती आणि डिपॉझिट 50,000 मागत होते.

जुना_वाडा | 29 ऑक्टोबर, दुपारी 1:20

माळरान, मी 1981 साली पुण्यात आलो, सासवडच्या पुढच्या एका खेड्यातून. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहायचो. एक खाट, खाटेखाली ट्रंक, भिंतीला एक खिळा. हातात महिन्याला इतकं कमी की मेस लावायचा प्रश्नच नव्हता.

आई रोज सकाळच्या एसटीने डबा पाठवायची. तीन पुडांचा पितळी डबा, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. फडक्याची गाठ ड्रायव्हरच्या सीटमागच्या दांडीला. मी साडेदहाला स्वारगेटच्या स्टँडवर उभा. गाडी दिसली की आधी काचेतून ते पांढरं फडकं शोधायचो. वरच्या पुडात भाकरी, मधल्यात भाजी, खाली कधी कालवण तर कधी नुसता ठेचा. झाकणाच्या आतून चिठ्ठी असायची. तेल लागून शाई पसरलेली असायची, म्हणून आई पेन्सिलीने लिहायला लागली. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा त्याच गाडीने परत. तीन वर्षांत त्या ड्रायव्हरने आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. हुरड्याच्या दिवसांत आई त्याच्यासाठी वेगळी पुरचुंडी द्यायची.

मी कापलं नाही ते रोज साडेदहाला स्टँडवर जाणं. एक लेक्चर बुडायचं. बुडू दिलं.

त्या काळात खेड्यातल्या आमच्यासारख्या पुष्कळ मुलांना विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांनी हात दिला. 1955 पासून ती संस्था काम करते आहे. ग्रामीण भागातून शिकायला येणाऱ्या कुणाला जागेची अडचण असेल तर तिथे जरूर चौकशी करा.

वडगावची_सून | 29 ऑक्टोबर, दुपारी 2:05

काका, पेन्सिलीच्या चिठ्ठीपाशी थांबले. पुढचं जरा वेळाने वाचलं.

निळाई | 29 ऑक्टोबर, दुपारी 2:31

जुना_वाडा काका, तुमच्या आईंना नमस्कार. पण एक म्हणू का? आजच्या मुलाच्या हिशेबात भाडं आहे, डिपॉझिट आहे, इंटरनेट आहे. इंटरनेट चैन राहिलेली नाही, नोकरीचा अर्जसुद्धा त्यावरच करावा लागतो. "आम्ही कसं भागवलं" याने धीर येतो. पण मुलांना उगाच असंही वाटायला लागतं की आपलंच कुठेतरी चुकतंय.

जुना_वाडा | 29 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:44

निळाई, बरोबर बोललीस. माझ्या डब्याचा खर्च आईच्या पहाटेत जायचा, म्हणून माझ्या वहीत तो कधी दिसलाच नाही. माळरानच्या मागे तसं पहाटे उठणारं कुणी इथे नाही.

आकडेमोड | 29 ऑक्टोबर, रात्री 9:10

मी बँकेत आहे. तीन गोष्टी सांगतो, कारण पगारपत्रक कुणी नीट वाचत नाही.

पहिली, पीएफ. तुझे 1,800 जातात तेवढेच कंपनीही भरते. कंपनीच्या 1,800 मधले 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि 550 तुझ्या पीएफमध्ये. म्हणजे दर महिन्याला 2,350 तुझ्या नावावर साठतात, वर्षाला 28,200, आणि 2024-25 चं व्याज 8.25 टक्के. तू बचत शून्य समजतोयस, ती शून्य नाही. यूएएन (पीएफचा तुझा कायमचा नंबर) चालू आहे का आणि पासबुकात दर महिन्याची रक्कम दिसते का, एवढं आजच बघ. नोकरी बदललीस तर ते पैसे काढू नकोस, खातं ट्रान्सफर कर. मुलं पहिल्या नोकरीचा पीएफ काढून मोबाईल घेतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

दुसरी, आजारपण. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा 21,000 ची. तुझा ग्रॉस त्याच्या वर आहे, म्हणून ते कार्ड तुला नाही. कंपनीचा ग्रुप विमा आहे का हे एचआरला स्पष्ट विचार. नसेल तर एक छोटी पॉलिसी घे. घरच्या रेशनकार्डावर तुझं नाव असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या आजारांसाठी वर्षाला कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नाव कमी झालेलं नाही ना, ते गावाकडून कळवून घे. आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या राज्य सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. चक्कर आली तर तिथे जायला लाज कसली.

तिसरी, आणि ही सगळ्यांसाठी. क्रेडिट कार्डाचं "मिनिमम ड्यू" भरून सुटलो असं समजू नका. समजा 10,000 थकले. पाच टक्क्यांनी 500 भरले. महिन्याचं व्याज साडेतीन टक्के धरलं तर 350, त्यावर जीएसटी 63. मूळ रकमेतून कमी झाले फक्त 87 रुपये. असं भरत राहिलात तर वर्षानुवर्षं फिटणार नाही.

माळरान | 29 ऑक्टोबर, रात्री 9:48

2,350 हे मला माहीतच नव्हतं. मी स्वतः अकाउंट्सला आहे, दुसऱ्यांची चलनं भरतो, आणि माझं पासबुक कधी उघडलं नव्हतं. आत्ता उघडलं. 38,000 च्या वर आहेत. हात थरथरला जरा.

सातारी_कंदी | 29 ऑक्टोबर, रात्री 9:55

वा! आज खरी दिवाळी झाली म्हणायची.

चाफेकळी | 30 ऑक्टोबर, सकाळी 7:30

धागा सुंदर चाललाय. एक बाजू अजून कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. मुलीचं बजेट वेगळं असतं.

मला 23,000 मिळतात. 25,000 पर्यंत महिलांना महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स नाही, एसटीला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. हे दोन्ही फार उपयोगाचं आहे. माझं गाव कराडजवळ. आधी दोन महिन्यांतून एकदा जायचे, आता दर महिन्याला जाते. आईला भेटणं परवडायला लागलं.

पण मी 4,500 च्या खोलीत राहू शकत नाही. दोन खोल्या पाहिल्या. एकीच्या जिन्यात दिवा नव्हता, दुसरीच्या घरमालकाकडे खोलीची दुसरी किल्ली होती आणि तो ती द्यायला तयार नव्हता. शेवटी 8,500 चं पीजी घेतलं, मुख्य रस्त्यावर. रात्री नऊनंतर स्टॉपपासून घरापर्यंत चालत येत नाही, रिक्षा करते. महिन्याला 700-800 त्यात जातात. मी न कापलेला खर्च तो. बऱ्याच जणांनी सांगितलं, "दहा मिनिटांचं तर अंतर आहे." ती दहा मिनिटं ज्याने त्याने चालून बघावीत.

कोथिंबीर | 30 ऑक्टोबर, सकाळी 8:02

चाफेकळी, शब्दन् शब्द पटला. ते 800 रुपये वहीत भाड्याच्या रकान्यातच लिहीत जा. ते भाडंच आहे.

वसईचा_वारा | 30 ऑक्टोबर, सकाळी 9:20

मुंबईकडून. आमच्याकडे उलटं गणित. लोकलचा सेकंड क्लासचा पास इतका स्वस्त की प्रवासाचं ओझं वाटत नाही, पण भाडं माणसाला पार विरारला नेऊन टाकतं. मी नालासोपारा ते अंधेरी करतो. गाडीत आमचा ग्रुप आहे, नऊ वर्षांचा. महिन्याला 1,000 ची भिशी, बारा जण. माझा नंबर लागला तेव्हा 12,000 एकदम हातात आले. बहिणीची फी भरली. ज्याला अडचण असेल त्याला आपला नंबर द्यायचा, हा आमचा अलिखित नियम. ओळखीच्या बारा जणांतच करा, अनोळखी लोकांच्या मोठ्या भिशीच्या वाट्याला जाऊ नका. पैसे घेऊन पळालेले मी पाहिलेत.

एक_कटिंग | 30 ऑक्टोबर, सकाळी 11:05

माळरान, नाश्ता-चहाचे 1,200 कुणीतरी कापायला सांगेल म्हणून आधीच लिहितो: चहा कापू नकोस. पुण्यात नवा असताना सहा महिने मी ऑफिसातल्या कुणाशी बोललो नव्हतो. चारच्या चहाला टपरीवर जायला लागलो आणि माणसं मिळाली. आजारी पडलो तेव्हा टपरीवरचेच दोघं दवाखान्यात घेऊन गेले.

घाटमाथा | 30 ऑक्टोबर, सकाळी 11:20

चहाला दुजोरा. पण दिवसाला एक, आणि बाहेरचं सरबत-कोल्ड्रिंक बंद.

खमंग | 30 ऑक्टोबर, सकाळी 11:32

चहाबरोबर क्रीमरोल चालेल का? तेवढ्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

कोथिंबीर | 30 ऑक्टोबर, दुपारी 12:10

चहा प्या, पण जेवणाला लागून नको, तास-दीड तास जाऊ द्या. लगेच घेतला तर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. माळरानदादा, हे खास तुमच्यासाठी. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या असतील तर जनऔषधी केंद्रात विचारा, फार स्वस्त पडतात.

वऱ्हाडी_आखेनात | 30 ऑक्टोबर, दुपारी 3:47

जर्मनीतून. मी अकोल्याचा, आखेनला एम.एस. करतो. इकडं यायच्या आधी बँकेच्या ब्लॉक्ड अकाउंटात 11,904 युरो भरावे लागतात, महिन्याला त्यातले 992 मिळतात. लोकायले वाटते पोरगं परदेशात, मजेत असंल. 992 मधून खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की हिशेब माळरानसारखाच.

जमेल तिथं जेवण युनिव्हर्सिटीच्या मेन्सामध्ये, म्हणजे कॅन्टीनमध्ये, घेतो. बाकी घरी. तूरडाळ आशियाई दुकानात महाग पडते म्हणून इथली लाल मसूर घेतो, तिचंच वरण. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागं 25 सेंट परत मिळतात. आमच्या दाराशी कायम एक पिशवी लटकलेली असते. कापला नाही तो तिकिटाचा खर्च. यंदा (2025) 58 युरोत महिनाभर देशभरातल्या साध्या रेल्वे, बस, ट्राम चालतात. शनिवारी उठायचं आणि कुठल्याही गावाला जाऊन नदीकाठी बसायचं, सोबत घरच्या पोळीचा रोल. त्यानंच टिकलो. पहिला हिवाळा फार एकट्याचा गेला होता.

घाटमाथा | 30 ऑक्टोबर, रात्री 8:36

आखेनकर, हेच मला सांगायचं होतं. आनंदाच्या खर्चावर कुणी बोलतच नाही.

माळरान, तुझ्याकडे पीएमपीचा महिन्याचा पास आहे, म्हणजे रविवारही त्यातच. स्वारगेटहून 50 नंबरची बस सिंहगडाच्या पायथ्याला जाते. पासाची हद्द एकदा कंडक्टरला विचारून घे, नाहीतर तिकीट काढ, मोठी रक्कम नाही. सकाळी लवकर चढायला लाग, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. गडावर ऊन कोवळं असेपर्यंत बसायचं. तळजाईची टेकडी तर तुझ्या घराजवळच आहे. आणि वाचनाची आवड असेल तर पुणे नगर वाचन मंदिर किंवा पुणे मराठी ग्रंथालय. पहिलं 1848 चं, दुसरं 1911 चं. पुस्तकांच्या किमतीच्या मानाने तिथली वर्गणी अगदी किरकोळ. मी 26 व्या वर्षी सगळ्यात कंगाल होतो आणि सगळ्यात जास्त वाचलं त्याच वर्षी.

निळाई | 30 ऑक्टोबर, रात्री 9:02

वाचनालयात बसून अभ्यासही होतो. घरात तिघं असतील तर शांतपणे दोन तास मिळणं हीच मोठी गोष्ट. माझा क्लासचा मुद्दा मी सोडलेला नाही बरं का!

माळरान, एक विचारू? घरी 6,000 पाठवता, ते कमी करून वर्षभर स्वतःवर लावता येणार नाहीत का? 22,400 मधले 6,000 म्हणजे पावभागाहून जास्त.

माळरान | 30 ऑक्टोबर, रात्री 10:30

ताई, हे मी पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं.

आमचं रान मांजरेच्या काठाला. सप्टेंबरच्या पावसात नदीचं पाणी पाच दिवस रानात होतं. सोयाबीन काढायला आलेलं, ते सगळं काळं पडलं. शेंगा हातात घेतल्या की बोटांत चिखल आणि कुजका वास. वरच्या तुकड्यातली मातीसुद्धा वाहून गेली. दिवाळीत मी आणि वडील बांधावर उभे होतो, ते काहीच बोलले नाहीत. बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या होस्टेलचे पैसे या 6,000 मधून जातात.

तुम्ही सगळ्यांनी आपापला न कापलेला खर्च सांगितलात, माझा हा. फेब्रुवारीत मेस कापली तीही यातला रुपया कमी होऊ नये म्हणून.

निळाई | 30 ऑक्टोबर, रात्री 10:41

विचारलं त्याबद्दल माफ करा. 6,000 ला हात लावू नका.

जुना_वाडा | 30 ऑक्टोबर, रात्री 11:15

बाळ, बहिणीचं शिक्षण पुरं होऊ दे. पण तू उपाशी राहून पाठवलेस हे वडिलांना कळलं तर त्यांना तो घास गोड लागेल का? जूनमधलं आजारपण घरी सांगितलं होतंस?

माळरान | 30 ऑक्टोबर, रात्री 11:19

नाही काका.

जुना_वाडा | 30 ऑक्टोबर, रात्री 11:24

आईला सांग. फोनवर नको, पुढच्या वेळी गेलास की समोर बसून सांग.

आकडेमोड | 31 ऑक्टोबर, सकाळी 10:12

मोबाईलचे किती हप्ते राहिलेत?

माळरान | 31 ऑक्टोबर, सकाळी 10:20

दोन. डिसेंबरमध्ये संपतो.

आकडेमोड | 31 ऑक्टोबर, सकाळी 10:44

मग जानेवारीपासूनचे 1,850 आत्ताच वाटून टाक. 1,000 बँकेच्या बारा महिन्यांच्या आरडीत. पोस्टाची आरडी चांगली आहे, 100 रुपयांपासून होते, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. तुला आधी दवाखान्यासाठी हाताशी रक्कम हवी. उरलेले 850 निळाईच्या क्लासला. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप वळती व्हायला हवी, महिनाअखेरीस उरेल त्यावर ठेवू नकोस.

भाडेकरू_कायमचा | 31 ऑक्टोबर, दुपारी 1:30

विषयाला थोडं सोडून, पण तरुण मुलांनी वाचावं. भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात ती कायद्यानेच लागते आणि जबाबदारी घरमालकाची असते. आमचा करार नुसत्या स्टॅम्प पेपरवर होता. सोडताना रंगाचे, नळाचे, जाळीचे म्हणून 30,000 च्या डिपॉझिटमधले 19,000 कापले. खोलीत शिरायच्या दिवशी भिंतींचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. पुढच्या घरात मी तेच केलं, डिपॉझिट पूर्ण परत मिळालं.

चाफेकळी | 31 ऑक्टोबर, दुपारी 1:52

हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. सबमीटर असेल तर युनिटचा दरही करारात लिहून घ्या. आमच्या आधीच्या मालकाने मनाला येईल तो दर लावला होता.

माळरान | 19 नोव्हेंबर 2025, रात्री 9:37

धागा वर काढतोय. सांगायचं राहिलं होतं.

हिमोग्लोबिन परत तपासलं, 11.9. कोथिंबीरताई, लिंबू रोज पिळतोय.

परवा शनिवारी घरी गेलो होतो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथेच बसून सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. परातीतलं पीठ मळत राहिली. मग उठून आत गेली आणि निघताना दहा किलो ज्वारी दळून पिशवीत भरून दिली, घरचे भुईमूग आणि कारळ्याची चटणी. म्हणाली, थापायला शिक. बहिणीला कळलं, ती रविवारचं एका दवाखान्यात काम बघतेय. मी नको म्हणालो, पण ती ऐकणार नाही.

क्लासची चौकशी केली. ऑफिसजवळ आहे, शनिवार-रविवार. जानेवारीच्या बॅचला नाव घातलंय. घाटमाथा, सिंहगडला जाऊन आलो, तिघंही. रूममेटला चढताना दम लागला, पण दह्याची दोन मडकी त्यानेच संपवली.

आता मूळ मुद्दा. तिघांचं ठरलंय, रात्रीचं घरी करायचं, दुपारची मेस तशीच. भांड्यांचा कागद भिंतीवर आधीच लावलाय. तवा आणि परात घेतली. छोटा सिलिंडर उद्या आणतोय. कुकर राहिला. नवीन पाच लिटरचा घ्यावा की जुन्या बाजारात चांगला मिळेल? जुना घेताना काय तपासायचं?

घाटमाथा | 19 नोव्हेंबर, रात्री 9:50

तळाला फुगवटा नको, झाकण घट्ट बसायला हवं, शिट्टीची नळी आरपार दिसली पाहिजे. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवीनच घाल.

जुना_वाडा | 19 नोव्हेंबर, रात्री 10:04

पहिली भाकरी चंद्रकोरीसारखी निघाली तरी तव्यावर टाक. पाणी लावायला विसरू नकोस.

कोथिंबीर | 19 नोव्हेंबर, रात्री 10:12

विकत कशाला घेता? आमचा चौघींचा कुकर माझ्याकडेच आहे. दोघींची लग्नं झाली, एक बंगळुरूला गेली, तो माळ्यावर पडून आहे. तळ चांगला आहे, आतली तिन्ही भांडी आहेत. पत्ता इथे नको, निरोपातून पाठवते. रविवारी क्लास अजून सुरू नाही ना? सकाळी अकराच्या आधी या. रिंग तेवढी सैल झाली आहे, ती उद्या बदलून ठेवते.